आमची वाटचाल: आधी लिहायचं, मग बोलायचं

2009 साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन कॉम्प्युटर मांडून आम्ही यंत्रांच्या भागांच्या ड्रॉइंगची कामं घ्यायला लागलो. आज आम्ही 14 जण आहोत: 11 भोसरीत, दोघे जर्मनीत श्टुटगार्टला, एक जण जपानमध्ये नागोयाला. मधल्या वर्षांतला एक प्रसंग मात्र नीट सांगायला हवा.

एका जपानी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग इथल्या कारखान्यासाठी उतरवून द्यायचं होतं. वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत: जपानमध्ये थर्ड अँगल चालतो, आपल्याकडे आणि जर्मनीत फर्स्ट अँगल. उजवीकडून दिसणारी बाजू ते उजवीकडे काढतात, आपण डावीकडे. पद्धत कोणती, ते टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतल्या, शंकूच्या छोट्या चिन्हावरून कळतं. घाईत ते आमच्या नजरेतून सुटलं आणि 40 ब्रॅकेटांची भोकं उलट्या बाजूला पडली. माल भंगारात गेला, भरपाई आम्ही दिली.

दोन दिवसांनी माझ्या वहीखाली एक चिठ्ठी सापडली. आमच्या एका ड्राफ्ट्समनने ते चिन्ह पाहिलं होतं. तो कर्णबधिर आहे. फोनवर मीटिंग चालू असताना त्याने चिठ्ठी लिहून माझ्यासमोर ठेवली होती आणि मी बोलण्याच्या नादात वर वही ठेवली. त्याला नोकरी दिली म्हणून मला समाधान होतं, पण निर्णय होतात तिथे त्याचं म्हणणं पोचायला वाटच ठेवली नव्हती. ही चूक माझी.

त्या आठवड्यापासून मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपले प्रश्न सामायिक फाइलमध्ये लिहायचे, असं ठरलं. मीटिंग त्या फाइलवरूनच चालते, आणि जे ठरलं ते लिहून सगळ्यांनी वाचल्याशिवाय कोणी उठत नाही.

हे केलं त्याच्यासाठी, पण तोंड उघडलं इतरांनीही. नागोयाचे सहकारी कॉलवर नुसतं 'हाइ' म्हणायचे. जपानीत त्याचा अर्थ 'हो', पण पुष्कळदा 'ऐकतोय' एवढाच. आम्ही तो होकार धरून चालत होतो. आमच्या पोरांचं 'हो सर' तरी वेगळं कुठे होतं? मोठ्यांना तोंडावर नाही म्हणू नये, हे सगळे घरूनच शिकून आलेले. बीडहून डिप्लोमा करून आलेली एक मुलगी इंग्रजीत बोलायला कचरायची. तिने फाइलमध्ये मराठीत एक प्रश्न लिहिला, मी तो इंग्रजीत करून पाठवला, आणि जर्मन गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमधली टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची, चूक सापडली.

मग मीटिंगची वेळही बदलली. पूर्वी ती संध्याकाळी साडेसातला असायची. तेव्हा नागोयात रात्रीचे अकरा वाजलेले असत आणि इथल्या मुलींची बस चुकायची. आता दुपारी साडेबाराला बसतो: नागोयात चार, श्टुटगार्टला हिवाळ्यात सकाळचे आठ. शनिवारी तासभर आमचा ड्राफ्ट्समन सगळ्यांना भारतीय सांकेतिक भाषा शिकवतो. थर्ड अँगलसाठीची खूण त्याने स्वतः बसवली आहे.

एक गोष्ट अजून राहिली आहे. आमचा गाळा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. यंदा व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीने फोनवर उत्तम मुलाखत दिली, पण जिन्याचं ऐकून नोकरी नाकारली. तळमजल्यावरचा एक गाळा बघून ठेवला आहे. भाडं जास्त आहे, तरी दिवाळीपर्यंत तिकडे जायचं ठरवलं आहे. जागा बदलली की पहिला फोन तिला करणार आहे.