हातात चालतो, स्टँडवर नाही

टॅबलेट तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा सोबतच्या कार्डावर आधीच्या दोन नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. दोन्ही एकच सांगत होत्या: ‘दोष आढळला नाही’.

आमच्या दुरुस्ती केंद्रात ग्राहक काउंटरवर बोलतो आणि यंत्र ट्रेमधून आत येतं. तो काय काय बोलला त्यातले तीन शब्द कार्डावर उरतात. ‘टच चालत नाही’ हे त्यांतलं सर्वांत फसवं वाक्य आहे. अख्खी स्क्रीन मुकी आहे की फक्त एक पट्टी? सरळ रेषेतली पट्टी मेली असेल तर आतल्या जाळीची एखादी रेष किंवा फ्लेक्सचा, म्हणजे स्क्रीन बोर्डाला जोडणाऱ्या लवचिक पट्टीचा, एखादा मार्ग तुटलेला असतो. आपोआप बटणं दाबली जात असतील तर आधी चार्जर काढून बघायचं, कारण खराब चार्जरचा विद्युत गोंगाट टच आयसीला, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या चिपला, बोटासारखाच वाटतो. कधी फुगलेली बॅटरी खालून स्क्रीन उचलते, कधी संरक्षक काचेखाली हवा राहिलेली असते. बंद करून चालू केल्यावर सुधारत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. हे सगळं ग्राहकाला दोन मिनिटांत विचारता येतं. पण आमची रचनाच अशी आहे की विचारणारा आणि उघडणारा कधी भेटत नाहीत.

पहिल्या खेपेला मी रीस्टार्ट केलं, नंतर टाकलेली अ‍ॅप्स बंद ठेवणाऱ्या सेफ मोडमध्ये पाहिलं, काच काढून स्क्रीन पुसली. मग डेव्हलपर ऑप्शन्समधलं पॉइंटर लोकेशन, म्हणजे बोट जिथे टेकतं तिथे रेघ दाखवणारी सोय, चालू करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बोटाने दाट नागमोडी रेघ ओढली. रेघ कुठेही तुटली नाही. टॅबलेट परत गेला.

दुसऱ्या खेपेला कार्डावर एक ओळ जास्त होती: ‘चार्जिंगला असताना चालतो’. आमच्या वरिष्ठांनी ती वाचून बॅटरीवर बोट ठेवलं. मला ते पटलं नाही. स्क्रीन नीट उजळते आहे, बॅटरीचा व्होल्टेज बरोबर आहे, मग टचलाच वीज कशी कमी पडेल? हे बरोबर होतं, पण तिथेच मी थांबले. चार्जर लावल्यावर टच बिघडतो हे रोजचं आहे, सुधारतो हे उलटं का, असा प्रश्न मी विचारायला हवा होता. त्याऐवजी टॅबलेट उघडला, टचच्या फ्लेक्सचा कनेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवला. धातूच्या फ्रेमवर एका जागी जुन्या गोंदाचा तपकिरी डाग होता, तोही स्वच्छ केला. रेघ पुन्हा अखंड आली.

तिसऱ्या खेपेला टॅबलेटची मालकीण काउंटरवरून हलेना. ज्याने उघडलं त्यालाच भेटायचं आहे, म्हणाली. मी बाहेर गेले. सोबत तिचा मुलगा होता. त्याला बोलता येत नाही, टॅबलेट त्याच्यासाठी बोलतो. स्क्रीनवर चित्रांचे चौकोन, चौकोन दाबला की शब्द ऐकू येतो. खुर्चीला प्लास्टिकच्या दांड्याचा स्टँड जोडलेला होता. तिने टॅबलेट त्यात बसवला. मुलाने दाबलं. काहीच आवाज नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग जोरात.

मी टॅबलेट उचलला, तेच चित्र दाबलं आणि तो लगेच ‘पाणी’ म्हणाला.

“ताई, तुमच्या हातात दरवेळी चालतो,” ती म्हणाली. “आधी जिथे स्क्रीन बदलली तिथले लोक म्हणाले, मुलाच्या बोटांतच काहीतरी आहे. तुम्हीही तेच सांगणार असाल तर सांगून टाका.”

मी टॅबलेट स्टँडमध्ये परत ठेवला आणि या वेळी फक्त मुलाच्या हाताकडे पाहिलं. तो बोटाच्या टोकाने दाबत नव्हता. अंगठ्याची पूर्ण पेर सपाट टेकत होती. मी पॉइंटर लोकेशन लावलं. वरच्या पट्टीत किती बोटं टेकली आहेत तो आकडा दिसतो. एका अंगठ्याला तो कधी २ दाखवत होता, कधी ०. मग मी मागून टॅबलेटच्या पाठीला तळवा लावला. आकडा १ झाला आणि तिथेच राहिला. तळवा काढला की पुन्हा तुटला. असं मी पाच-सहा वेळा केलं. त्याची आई काही न बोलता पाहत होती.

काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेषांची जाळी असते. एका दिशेच्या रेषांवर सिग्नल जातो, दुसऱ्या दिशेच्या रेषा तो ऐकतात. बोट टेकलं की त्या छेदावरची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार धरून ठेवायची क्षमता, एका पिकोफॅराडहूनही कमी, म्हणजे अगदी नगण्य बदलते आणि आयसी एवढाच बदल सेकंदाला साठ किंवा जास्त वेळा शोधत असतो. बोटाने ओढलेला हा सिग्नल शरीरातून टॅबलेटच्या ग्राउंडकडे, म्हणजे सगळे सिग्नल जिथे परततात त्या सामाईक जोडणीकडे, परतायला वाट लागते. टॅबलेट प्लास्टिकवर अधांतरी असला आणि आतलं ग्राउंडही अपुरं असलं, तर तो सिग्नल अंगठ्यातूनच शेजारच्या रेषांमध्ये परत शिरतो. टोकाने दाबलं तर नुकसान थोडं होतं. सपाट अंगठा असेल तर सिग्नलच्या मधोमध भोक पडतं आणि एकाचे दोन होतात. चार्जर लावला की त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून वाट मिळते. हातात धरला तरी मिळते. आणि मी तर स्थिर वीज वाहून नेणाऱ्या अँटिस्टॅटिक मॅटवर, मनगटाला ग्राउंडचा पट्टा बांधून तपासत होते. दोन्ही वेळा ती हरवलेली वाट मीच पुरी करत होते.

टॅबलेट उघडला. डिस्प्लेच्या मागचं धातूचं कवच आणि बोर्डाचं ग्राउंड यांवर मल्टिमीटरची टोकं ठेवली. बीप नाही, म्हणजे दोन्ही जोडलेले नाहीत. तपासायला म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा, सुट्या भागांसाठी ठेवलेला टॅबलेट उघडला. तिथे बीप आली. त्यात कवचापासून फ्रेमपर्यंत वाहक टेपचा एक छोटा चौकोनी तुकडा होता. स्क्रीन बदलणाऱ्याने तो काढला आणि परत लावला नाही. कुणाच्या लक्षात येत नाही अशा गोष्टी गाळणं याला मी घाई म्हणणार नाही, ती बेफिकिरी आहे.

नवा तुकडा लावताना ज्याचा गोंदही वाहक आहे अशीच टेप घेतली. नुसती तांब्याची पट्टी चमकते छान, पण गोंद वाहक नसेल तर खाली काहीच जोडलं जात नाही. मग मनगटाचा पट्टा काढला, चार्जर लांब ठेवला, टॅबलेट त्याच स्टँडमध्ये बसवला आणि हात मागे घेतले. मुलाने अंगठा सपाट टेकवला. ‘नको’ ऐकू आलं. मग ‘घरी’. मग ‘घरी’ आणखी तीनदा.

आता टचची प्रत्येक तक्रार मी पट्टा काढून, प्लास्टिकवर ठेवून, अंगठा सपाट टेकवूनही तपासते. आमच्या तपासणीच्या यादीत ही पायरी घालावी असं वरिष्ठांना लिहून दिलं आहे, अजून उत्तर नाही. मला मात्र तो तपकिरी डाग आठवत राहतो. दुसऱ्या टॅबलेटमध्ये टेप बरोबर त्याच जागी होती. दुसऱ्या खेपेला ती रिकामी जागा माझ्या समोर, भिंगाखाली, स्पष्ट चौकोनी होती, आणि मी ती घाण समजून पुसली.