वळ्यांच्या आडचा भोवरा

मुरूड (दापोली), मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

उधाणाचे दिवस आहेत, त्यामुळे सकाळची ओहोटी खूप आत गेली होती. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, वाहत होती, समुद्र शांत होता आणि पावसाळ्यातला गाळ बसल्यामुळे पाणी स्वच्छ होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी तळाच्या वाळूवरच्या वळ्या बघत होते. बघत राहिलं की त्या घडताना दिसतात, आणि हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा तिच्याबरोबर सगळं पाणी येत नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब जागच्या जागी गोल फिरतो. खोल जावं तसं हे वर्तुळ लहान होतं आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपतं. दर सहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची खोल समुद्रातली लांबी साधारण ५६ मीटर असते, म्हणजे २८ मीटरच्या खाली वाळूला तिचा पत्ताही लागत नाही. उथळात मात्र ही वर्तुळं चपटी होत जातात. अगदी तळाशी पाणी फक्त पुढे-मागे सरकतं.

या पुढे-मागे सरकण्याने वाळू खरं तर सपाट व्हायला हवी, पण तसं होत नाही. सुरुवातीला कण नुसते गडगडतात आणि बारीकशा रेघा उमटतात. एखादी रेघ जरा उंच झाली की पाणी तिच्या माथ्यावरून जाताना पलीकडच्या बाजूला सुटतं आणि तिच्या आडोशाला भोवरा तयार होतो. हा भोवरा खळग्यातली वाळू उकरून माथ्याकडे ओढतो. तेवढ्यात पाणी उलटतं आणि भोवरा वाळूच्या ढगासकट माथ्यावरून वर फेकला जातो. मग दुसऱ्या बाजूला नवा भोवरा. उंचवट्यामुळे भोवरा आणि भोवऱ्यामुळे उंचवटा, असं ते वाढत जातं. आज उन्हं तिरपी होती, त्यामुळे प्रत्येक लाटेसरशी माथ्यांवरून उडणारे ते छोटे ढग स्पष्ट दिसले.

१८८३ मध्ये चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी पाण्यात शाई सोडून हे भोवरे पाहिले होते. पण मला जवळची वाटते ती ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एअर्टन. नवऱ्याच्या आजारपणात इंग्लंडमधल्या मार्गेटच्या किनाऱ्यावर राहावं लागलं तेव्हा तिचं लक्ष वाळूच्या वळ्यांकडे गेलं. घरी येऊन तिने काचेच्या टाक्यांमध्ये पाणी हिंदकळवून प्रयोग केले. १९०२ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने, विवाहित स्त्री म्हणून, तिला सदस्यत्व नाकारलं होतं. त्याच संस्थेत १९०४ मध्ये तिने वाळूच्या वळ्यांवरचा आपला निबंध स्वतः वाचला, आणि तिथे स्वतःचा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री ठरली. १९०६ मध्ये तिला ह्यूज पदक मिळालं. तरी सदस्यत्व नाहीच! स्त्रियांना ते मिळायला १९४५ उजाडलं. हे लिहिताना आजही राग येतो.

वळ्यांमधल्या अंतराचाही हिशोब आहे. तळाचं पाणी थोडंसंच हलत असेल तर हे अंतर त्या हालचालीच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. हालचाल खूप वाढली की हे नातं तुटतं आणि बारीक वाळूत अंतर कणांच्या आकारावर ठरतं, कणाच्या जाडीच्या सुमारे पाचशे पट. ०.२ मिलिमीटरचा कण धरला तर १० सेंटिमीटर. मी हाताने मोजलं, अर्धी वीत भरली. हिशोब आणि हात जुळल्याचा आनंद काही वेगळाच.

उघड्या पडलेल्या पुळणीवर दुसरीच गंमत होती. पाणी ओसरताना शेवटी खळग्यांतून आडवं वाहिलं होतं, त्यामुळे मोठ्या वळ्यांच्या मधे बारीक आडव्या वळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या उमटल्या होत्या. शिंपल्यांचा चुरा आणि कुजलेली पानं खळग्यांत अडकली होती. जिथे पाणी एकाच दिशेला वाहून गेलं होतं तिथे वळ्यांची एक बाजू उतरती आणि दुसरी उभी होती. लाटांनी केलेल्यांच्या दोन्ही बाजू सारख्या. भूवैज्ञानिक याच खुणेवरून खडकातल्या वळ्या वाचतात. विंध्य पर्वतातल्या वालुकाश्मात शंभर कोटी वर्षांहून जुन्या वळ्या आहेत. आमच्याकडे काळा पाषाण आणि जांभा, त्यामुळे त्या बघायला तिकडेच जावं लागेल.

पावसाळ्यात इथे काय होत असेल? मोठ्या लाटांत तळाची वाळू थराथराने सरकते आणि वळ्या पुसल्या जातात, एवढं ठाऊक आहे. त्या दिवसांत पाण्यात पाऊल घालणं शक्य नाही. परवापर्यंत ओहोटी चांगली आहे, तेव्हा पट्टी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि तिथली अंतरं किनाऱ्यालगतच्या अंतरांशी ताडून बघायची.