नेलीचे दहा फटके

२०२४ चा महिला गोल्फचा सीझन मी खाटेवर पडून, उशीला टेकवलेल्या मोबाईलवर पाहिला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात गोल्फचं मैदान कुठून असणार? पण २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली, तेव्हापासून हा खेळ माझा झाला.

अमेरिकेच्या नेली कोर्डानं लागोपाठ पाच स्पर्धा जिंकल्या. मग मेअखेर आली यूएस विमेन्स ओपन. आम्ही सरकी आणून पावसाची वाट बघत होतो. बारावं होल, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत चेंडू भोकात जायला हवा. तिचा चेंडू ग्रीनमागच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतामागच्या, बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात. तिथून मारला, तो उतारावरून घरंगळत नाल्यात. पुन्हा मारला, पुन्हा पाण्यात. तिसराही! एका होलला दहा फटके, दिवसाअखेर एकूण ८०. मी उठूनच बसले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, झोप नाही येत का?" काय सांगू? दुबार पेरणीच्या वर्षी धुऱ्यावर उभी असताना पोटात जसा खड्डा पडला होता, अगदी तसंच झालं.

ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या लिडिया को हिनं पॅरिस ऑलिंपिकला सुवर्ण जिंकलं आणि पोळ्याच्या आठ दिवस आधी सेंट अँड्र्यूजचं ब्रिटिश ओपनही. तिचा शांतपणा मला फार आवडतो.

नेलीनं त्या वर्षातलं सातवं विजेतेपद नोव्हेंबरात घेतलं, स्वीडनची जुनी दिग्गज ॲनिका सोरेनस्टॅम हिच्या नावाच्या स्पर्धेत. दिवसभर कापूस वेचून बोटं बोंडांनी ओरबाडली होती. त्याच बोटांनी मी तो शेवटचा पट, चेंडू भोकात ढकलणारा हलका फटका, तीनदा मागे नेऊन पाहिला.