गुळाच्या पट्टीसाठी स्प्रेडशीट बदलताना

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, स्प्रेडशीटमधूनच निघते. गुळाचे रवे (ढेपा) किती, वजन किती, सौद्यात दर काय निघाला, हमाली-तोलाई किती वजा झाली आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. कागद छापील, १० बाय ६ इंचाचा, खाली कार्बन. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स. उन्हाळ्यात आम्ही वापरतो त्या प्रोग्रामचं अपडेट आलं आणि पट्टी बिघडली. रक्कम छापील चौकटीच्या खाली उतरायला लागली. पट्टी क्रमांक आपोआप वाढवणारा मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम, बंद पडला. सेव्ह म्हटलं की फाइल आपल्या मशीनवर राहण्याऐवजी आधी इंटरनेटवर जायला बघायची, आणि नेट गेलेलं असलं की सगळं अडकून पडायचं.

पहाटे गाडी भरून आलेला माणूस सौदा झाल्यावर पट्टीसाठी उभा असतो. त्याला थांबवून ठेवणं मला पटत नाही.

विक्रेत्याने जुनी आवृत्ती परत बसवून दिली, पण पुढचं अपडेट आज ना उद्या येणारच होतं. माझे सासरे, आबा, म्हणाले, “दुसरं काय मिळतंय का बघ की. पण पाडव्याच्या सौद्याला मला गोंधळ नको.” नव्या गुळाचा सौदा दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताने निघतो. पावसाळ्यात गुऱ्हाळं थंड असतात, त्यामुळे पडताळणी करायची ती याच दिवसांत, हे तिथेच ठरलं.

पुण्याचे भाऊजी म्हणत होते, “वहिनी, गूगल शीट्सवर टाका, मी इथून बघत जाईन.” त्यात एका फाइलला १ कोटी सेल चालतात, आमचा हिशोब त्यात कितीतरी वेळा मावेल. पण आमचं अर्ध काम छपाईचं, आणि ब्राउझरमधून छापील कागदावर मिलिमीटर जुळवत बसणं मला नको होतं. म्हणून लिब्रेऑफिसचं कॅल्क हे स्प्रेडशीट बघायचं ठरवलं. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्याची ओडीएस फाइल ज्या ओडीएफ प्रकारात मोडते त्याला २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. म्हणजे उद्या हेही सोडावंसं वाटलं तर फाइल कुणा एका कंपनीच्या हातात अडकणार नाही. शेतकऱ्याचा कोड टाकला की नाव, गाव, खाते क्रमांक आणणारं आमचं सूत्र एक्सलूकअपचं. ते कॅल्कमध्ये २४.८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. त्याआधीची आवृत्ती घेऊन कुणी “आमच्याकडे चालत नाही” म्हणत असेल तर आधी आवृत्ती बघा.

गेल्या हंगामाची बंद झालेली फाइल मी कॅल्कमध्ये उघडली. सगळ्या बेरजा पैशापर्यंत जुळल्या. दिवाणजी खूश झाले, मला मात्र शंका आली. सेटिंग बदललेलं नसेल तर कॅल्क अशी बाहेरची फाइल उघडताना नव्याने गणित करतच नाही. आधीच्या प्रोग्रामने साठवून ठेवलेली उत्तरं दाखवतं. खरी परीक्षा कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबल्यावर होते, तेव्हा प्रत्येक सूत्र पुन्हा मोजलं जातं. ते दाबलं आणि काही ओळींत रकमेच्या जागी चूक असल्याचा इशारा उमटला.

त्या ओळींतलं वजन वजनकाट्याच्या फाइलमधून चिकटवलेलं होतं. दिसायला आकडा, आतून मजकूर. समजा वजन १,२६८ किलो आणि दर क्विंटलला ४,१५० रुपये, तर रक्कम ५२,६२२. जुना प्रोग्राम गुणाकार करताना तो मजकूर गुपचूप आकडा समजून घ्यायचा, म्हणून पट्टी बरोबर यायची. कॅल्क स्वल्पविराम किंवा दशांशचिन्ह असलेल्या मजकुराचा असा अंदाज करत नाही, सरळ चूक दाखवतं. पण मला हलवून टाकलं ते पुढच्या गोष्टीने. वजनाच्या रकान्याची बेरीज दोन्ही प्रोग्राम मजकूर वगळूनच करतात. म्हणजे शेतकऱ्याचे पैसे बरोबर गेले होते, पण आमच्या दिवसाच्या एकूण वजनात या ओळी कधी धरल्याच गेल्या नव्हत्या. कॅल्कचा हा कडकपणा कुणाला जाच वाटेल. माझ्या मते पैशाच्या हिशोबाला तो हवाच.

खाते क्रमांकांचंही तसंच. आकडा म्हणून ठेवले तर सुरुवातीची शून्यं जातात आणि १५ अंकांपुढचा भरवसा कुठल्याच प्रोग्राममध्ये राहत नाही. कॅल्क सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) उघडताना प्रत्येक रकाना मजकूर, आकडा की तारीख हे आधी विचारतं. तिथेच मजकूर निवडायचा आणि तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा द्यायचा.

मॅक्रो तसाच्या तसा चालला नाही. कॅल्क दुसऱ्याचे मॅक्रो काही अंशी चालवतं, छपाईच्या ओळींवर आमचा अडला. तो मी काढूनच टाकला, पट्टी क्रमांक साध्या सूत्रावर आणला. कागदाचं माप हाताने दिलं, ओळींची उंची कायम केली आणि कोऱ्या कागदावर छापून तो छापील पट्टीवर ठेवून उजेडात बघत राहिले, रक्कम चौकटीत बसेपर्यंत.

मग निर्णय झाला. पट्ट्या आणि रोजमेळ कॅल्कमध्ये, मूळ फाइल ओडीएस. सीएंना महिन्याची प्रत एक्सेलच्या एक्सएलएसएक्स प्रकारात. त्यांच्याकडे ती नीट उघडते हे आधी पाठवून बघितलं. जुना प्रोग्राम एका मशीनवर ठेवला आहे, कारण शेतकऱ्यांना पैसे पाठवण्यासाठी बँकेने दिलेली फाइल त्याच प्रोग्रामच्या मॅक्रोवर चालते. दुसऱ्या मशीनचं वर्गणीचं नूतनीकरण केलं नाही. दिवाणजींना पाडव्याआधी सराव हवा म्हणून गेल्या वर्षीच्या जुन्या नोंदींवरून ते रोज दुपारी पट्ट्या काढतात, आणि आबा शेजारी बसून वहीत रक्कम मांडून ताडून बघतात.