वादळाची तयारी एप्रिलमध्ये

फ्लोरिडात चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. मी इथे एका विमा एजन्सीत काम करते आणि आमची खरी धावपळ असते ती एप्रिल-मेमध्ये. एकेका ग्राहकाला फोन लावायचा. बांधकाम महागलंय, विम्याची रक्कम वाढवली का? छत कधी बदललं? घरातल्या सामानाचा व्हिडिओ काढून स्वतःला मेल केलाय ना?

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुराबद्दल सांगण्यात. इथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर नसतो. त्याची पॉलिसी वेगळी, बहुतेक जण ती केंद्र सरकारच्या योजनेतून घेतात, आणि ती लागू व्हायला सहसा ३० दिवस जातात. वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर एखादी आजी घाबरून येते, तेव्हा तिला ‘आता होणार नाही’ म्हणताना जीव तुटतो. शिवाय वादळी नुकसानीतला पहिला वाटा घरमालकाचा. तो २ टक्के असेल, तर ३ लाख डॉलरच्या विम्यावर ६ हजार डॉलर. हे आधीच कानावर घातलेलं बरं.

१९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर इथल्या अनेक विमा कंपन्या बुडाल्या. तेव्हापासून कंपन्या संगणकावर हजारो काल्पनिक वादळं घडवून हिशेब मांडतात, पुनर्विमा (म्हणजे स्वतःचाच विमा दुसऱ्या कंपनीकडे) घेतात आणि नुकसान मोजणारे बाहेरगावचे सर्व्हेअर आधीच बांधून ठेवतात.

हे सगळं बघताना मला आपला नाशिकचा भांडी बाजार आठवतो. २००८ आणि २०१६ मध्ये गोदावरीचं, म्हणजे आपल्या गंगेचं, पाणी तिथे शिरलं होतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की तिथले दुकानदार असलेले माझे मामा माल माळ्यावर चढवायला घेतात. पण खरेदीची बिलं आणि स्टॉकची वही मात्र गल्ल्याखालच्या खणातच राहते! दावा उभा राहतो तो त्या वहीवर. तिचे फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्याआधी दुकानाचे फोटो घ्या आणि कंपनीला लगेच कळवा. तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळलं, असं नसतं.

आपल्याकडे एक गोष्ट इथल्यापेक्षा खूप चांगली आहे. २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेलाच असतो. छोट्या व्यवसायांसाठीच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षेतही तो आहे. तेव्हा मे संपायच्या आत एजंटला दुकानात बोलवा आणि पॉलिसी समोर ठेवून विचारा: यात नुसत्या भिंती आहेत, की आतला मालही?