कुठला व्हीपीएन घेऊ, हे नंतर बघू

प्रायव्हसीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठला व्हीपीएन घेऊ? फुकटवाला चालेल का? आणि समजावून सांगायला गेलं की समोरच्याला फक्त नाव हवं असतं, बाकीचं ऐकायला वेळ नसतो. तर ते बाकीचं इथे लिहून टाकतो.

व्हीपीएन करतो काय, तर तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे आधी नेटवाला बघू शकत होता, ते आता व्हीपीएनवाला बघू शकतो. टपाल न्यायला दुसरा माणूस ठेवला, एवढंच. काहींना त्याची खरंच गरज असते, म्हणजे साइट ब्लॉक केलेल्या असतील किंवा नेटवाल्यावर काडीचा भरवसा नसेल तर जरूर घ्या. पण व्हीपीएन लावून त्याच ब्राउझरमध्ये त्याच अकाउंटने लॉगिन करून बसलात तर तुम्ही कोण हे त्या साइटला आयतंच कळतं. फुकटवाल्याचा सर्व्हरचा खर्च कोण भागवतंय, हेही एकदा स्वतःला विचारून बघा. (इन्कॉग्निटोचंही तेच, त्याने फक्त तुमच्याच मशीनवरची हिस्टरी उरत नाही, साइटला आणि नेटवाल्याला काही फरक पडत नाही.)

मुळात तुमच्या मशीनपासून साइटपर्यंतचा मधला रस्ता आता बऱ्यापैकी सुरक्षित झालाय. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने 2015 मध्ये साइटना फुकट सर्टिफिकेट (कुलूपबंद जोडणीसाठी लागणारा ओळखीचा दाखला) द्यायला सुरुवात केली, 2018 मध्ये क्रोम साध्या, म्हणजे कुलूप नसलेल्या एचटीटीपी साइटवर सरसकट 'नॉट सिक्युअर' दाखवायला लागला, आणि बघता बघता जवळपास सगळ्या साइट कुलूपबंद एचटीटीपीएसवर आल्या. म्हणजे मधल्या माणसाला साइटचं नाव साधारणपणे कळतं, पण आत तुम्ही काय वाचलंत आणि काय लिहिलंत ते दिसत नाही. गळती होते ती टोकाला, तुमच्याच मशीनवर, तुम्हीच टाकलेल्या सॉफ्टवेअरमधून. तरी सगळे पैसे आणि काळजी रस्त्यावरच खर्च करतात.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे ब्राउझर. मी फायरफॉक्स वापरतो आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर). फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी (तुम्हाला ओळखायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या खुणा) वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे एकाच जाहिरात कंपनीला कुकीच्या जोरावर दहा साइटवर तुमचा पाठलाग करणं अवघड होतं. क्रोमने मात्र एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि जुना पूर्ण ताकदीचा युब्लॉक ओरिजिन तिथे बंद पडला, आता फक्त त्याची कमी ताकदीची लाइट आवृत्ती मिळते. कारण सुरक्षेचं दिलं गेलं, त्यात तथ्य नाही असं नाही, पण ज्या कंपनीची कमाई जाहिरातींवर चालते तिने जाहिरात अडवणाऱ्यांचे हात बांधावेत हा मला तरी योगायोग वाटत नाही. आणि गंमत म्हणजे क्रोम ज्याच्यावर उभा आहे तो क्रोमियम ओपन सोर्सच आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही बघू शकतो! त्यामुळे कोड उघडा आहे एवढ्यावर खूश होऊ नका, निर्णय कोण घेतं तेही बघा.

अजून एक, प्रायव्हसीच्या नावाने आठ-दहा एक्स्टेन्शन टाकणारे लोक. त्यातलं जवळजवळ प्रत्येक एक्स्टेन्शन 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतं आणि आपण देऊन मोकळे होतो, म्हणजे बँकेचं पानसुद्धा त्याला दिसतं. उद्या बनवणाऱ्याने ते एक्स्टेन्शन दुसऱ्या कुणाला विकलं तर पुढचा अपडेट गुपचूप येतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एक चांगला ब्लॉकर ठेवा, बाकी काढून टाका.

पण ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ती गोष्ट म्हणजे कीबोर्ड. लोक मेसेजिंग ॲप निवडताना एन्क्रिप्शनवर तासन्‌तास वाद घालतात, आणि अक्षर न्‌ अक्षर एन्क्रिप्ट व्हायच्या आधी ज्या ॲपमधून जातं ते कुठून तरी उचललेलं असतं, रंगीत थीम छान दिसली म्हणून. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड सरळ सांगतो की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं गोळा करू शकतो, पासवर्ड आणि कार्डाच्या नंबरसकट. आपण ओके दाबतो. मी हेलीबोर्ड नावाचा कीबोर्ड टाकलाय, मुक्त सॉफ्टवेअर आहे (म्हणजे कोड कुणीही बघावा, बदलावा, वाटावा), एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानात मिळतो, आणि त्याच्याकडे इंटरनेटची परवानगीच नाही, त्यामुळे तो काही पाठवतो का हा प्रश्नच उरत नाही. मराठीत पुढचा शब्द सुचवण्यात तो मोठ्या कंपन्यांच्या कीबोर्डइतका हुशार नाही, बोट फिरवून टाइप करायचं तर वेगळी बंद लायब्ररी (जिचा कोड उघडा नाही असा सॉफ्टवेअरचा तुकडा) टाकावी लागते. मला चालतं. ज्याला दिवसभर बोलून टाइप करायचंय त्याला नाही चालणार, हेही मान्य.

आता मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की लगेच सगळं पवित्र, असं मानणारेही भेटतात. तसं नाहीये. उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टमने 2012 मध्ये 12.10 या आवृत्तीत तुम्ही कॉम्प्युटरवरची फाइल शोधायला गेलात तरी ते शब्द आपल्या सर्व्हरकडे पाठवून ॲमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने त्याला सरळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर म्हटलं, भरपूर बोंबाबोंब झाली, आणि 16.04 या आवृत्तीपर्यंत ते आपोआप चालू असणं बंद झालं. पण मला यातला महत्त्वाचा भाग असा वाटतो की ज्यांना ते नको होतं त्यांना वाट बघत बसावं लागलं नाही, त्याच उबुंटूवर बेतलेल्या लिनक्स मिंटमध्ये ती भानगड नव्हतीच. बंद सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही फक्त तक्रार करू शकता.

मार्च 2024 चं एक्सझेड प्रकरण तर आणखी बोलकं आहे. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं, बहुतेक लिनक्समध्ये असणारं मुक्त सॉफ्टवेअर. एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं प्रामाणिकपणे काम करून या छोट्याशा प्रकल्पात भरवसा कमावला आणि मग 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. पकडला कुणी, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरने, कारण त्याचं एसएसएच लॉगिन (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरणं) साधारण अर्धा सेकंद उशिरा होत होतं आणि त्याला ते खुपलं. मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणतात बघा सापडलं, विरोधक म्हणतात बघा नशिबाने सापडलं, आणि माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. पण मूळ कोड समोर होता म्हणून त्याला शेवटपर्यंत माग काढता आला, एवढं तरी नाकारता येत नाही.

रोजच्या वापरात काय बदलायचं विचाराल तर ऑपरेटिंग सिस्टमपासून सुरुवात करू नका, लोक उत्साहात एका रात्रीत लिनक्स टाकतात आणि आठवड्यात वैतागून परत जातात. आधी आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स, कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस, ईमेलसाठी थंडरबर्ड, व्हिडिओसाठी व्हीएलसी आणि पासवर्डसाठी कीपासएक्ससी वापरायला लागा, हे सगळं लिनक्सवरही असंच चालतं, मग पुढे सिस्टम बदलली तरी हातातली कामं तीच राहतात. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि 11 न चालणाऱ्या बऱ्याच जुन्या मशीनवर मिंट मजेत चालतं. पेन ड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासा आणि मगच ठरवा. मराठी टायपिंगची काळजी नको, आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीत एम17एन हा भाषांचा संच घातला की इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींची ठरलेली कळरचना) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांनी) दोन्ही येतात.

माझ्या फोनवर बंद ॲप अजूनही आहेत, बँकेचं आहे, ऑफिसचं एक आहे, ती काही सुटत नाहीत आणि त्यावरून मी स्वतःला त्रासही करून घेत नाही. कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मात्र त्यांना दिलेलं नाही, कारण कॉन्टॅक्ट दिले की माझ्याबरोबर इतरांचेही नंबर जातात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. खरेदी, तिकिटं, बातम्या हे सगळं ब्राउझरमध्ये, ॲप टाका टाका म्हणून साइट कितीही मागे लागली तरी. आणि एवढं सगळं करूनही कुणाला व्हीपीएन घ्यायचाच असेल तर घ्या, फक्त तुमच्या मशीनवर टाकायचं त्याचं ॲप ओपन सोर्स आहे का आणि बाहेरच्या कुणी त्याचं ऑडिट, म्हणजे तपासणी केली आहे का ते बघून घ्या.