नवख्याच्या फोटोवर स्पष्ट बोलावे का?

आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटात नव्याने येणारे लोक, आणि त्याहून अधिक त्यांना सोबत घेऊन येणारे त्यांचे मित्र, मला एकच प्रश्न वारंवार विचारतात. महिन्यातून एका रविवारी आम्ही दादरला एका वाचनालयाच्या सभागृहात जमतो. प्रत्येक जण दोन-तीन प्रिंट आणतो, त्या भिंतीलगत ओळीने मांडल्या जातात आणि एकेका प्रिंटवर सगळे बोलतात. हे पाहिल्यावर प्रश्न येतो तो असा : नोकरीधंदा सांभाळून केवळ आवडीपोटी जो माणूस फोटो काढतो, त्याच्या फोटोतील उणिवा चारचौघांत बोलून दाखवल्या तर त्याचा हिरमोड होणार नाही का? छान आहे म्हणून पुढे गेले तर काय बिघडते? तुम्ही विचारलंत म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

माझ्या मते या प्रश्नाचे मूळ एका साध्या अडचणीत आहे. ज्याने फोटो काढला त्याला तो नीट दिसत नाही. पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन ज्याने झेंडूच्या ढिगामागे गजरे बांधत बसलेल्या एका बाईंचा फोटो काढला, त्याच्या मनात ओल्या पानांचा वास, पाटी डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणाऱ्या हमालांच्या हाका, त्या बाईंशी झालेले दोन शब्दांचे बोलणे हे सगळे त्या फोटोला चिकटलेले असते. प्रिंट हातात घेतली की त्याला ती पूर्ण पहाट आठवते, आणि ती आठवणच तो फोटो म्हणून पाहत राहतो. आपल्याला, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्यांना, यातले काहीही मिळत नाही. आपल्याला एक आयताकृती कागद मिळतो आणि त्यावर प्रकाश जसा उमटला असेल तेवढाच मिळतो. त्या बाईंच्या खांद्यामागे थर्मोकोलचे एक पांढरे खोके असेल आणि त्यावर बल्बचा झोत पडला असेल, तर आपली नजर प्रथम त्या खोक्यावर जाते, कारण चौकटीतील सर्वांत उजळ जागा नजरेला ओढून घेते. फोटो काढणाऱ्याला मात्र ते खोके कित्येकदा पाहूनही जाणवलेले नसते. ही माहिती त्याला फक्त दुसरा माणूसच देऊ शकतो. ती हातची राखून त्याच्या पाठीवर थाप देण्यात मला तरी प्रेम दिसत नाही.

आता हिरमोडाविषयी. गटात इतकी वर्षे बसल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की हिरमोड होतो तो निवाड्याने. ‘पार्श्वभूमी चुकली’, ‘यात काही दम नाही’, ‘तुम्हाला अजून फ्रेमिंगची समज आलेली नाही’ अशा वाक्यांनी माणूस मिटतो, कारण त्यांच्यावर त्याला काही करता येत नाही. त्याउलट ‘माझी नजर आधी त्या पांढऱ्या खोक्यावर गेली, मग बाईंच्या हातांवर आली, आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचायला मला वेळ लागला’ असे सांगितले, तर त्यात कोणाची लायकी काढलेली नसते. पाहताना आपल्या डोळ्यांचे काय झाले तेवढेच आपण सांगितलेले असते, आणि त्याच्याशी वाद घालण्याचे कारणही उरत नाही. ऐकणारा लगेच विचार करू लागतो की आपण दोन पावले डावीकडे सरकलो असतो तर ते खोके बाईंच्या मागे लपले असते का, किंवा थोडे खाली बसलो असतो तर ते चौकटीबाहेर गेले असते का. आमच्या गटात नव्या सदस्याला आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती हीच : ‘ताई, फोटो चांगला की वाईट हे आधी सांगू नका. तुम्हाला काय दिसले, कोणत्या क्रमाने दिसले, ते सांगा.’

मुंबईच्या फोटोंमध्ये या क्रमाला फार महत्त्व आहे, कारण आपल्या शहरात अक्षरे सर्वत्र आहेत. दुकानांच्या पाट्या, बसचे क्रमांक, रिक्षांच्या पाठीवरचे मजकूर, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक. माणसाला वाचता येत असेल तर तो अक्षरे न वाचता राहू शकत नाही. त्यामुळे एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा कितीही बोलका असला, तरी त्यांच्या डोक्याशेजारी ‘येथे झेरॉक्स मिळेल’ असे ठळक लिहिलेले असेल, तर पाहणारा ते वाचूनच पुढे जातो. हे काढणाऱ्याच्या लक्षात आणून दिले की तो पुढच्या वेळी पाटी टाळतो, किंवा त्याहून उत्तम, ती मुद्दाम वापरायला शिकतो.

स्पष्ट बोलणे म्हणजे नेमके बोलणे, आणि इथे जाणत्या सदस्यांवर जास्त जबाबदारी येते. ‘फोटो शार्प नाही’ हे वाक्य मी आमच्याकडे खपवून घेत नाही, कारण त्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. फोटोतील प्रत्येक वस्तू एकाच दिशेने फरफटल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा हललेला असतो. मग शटर कमी वेळ उघडे ठेवावे लागते, म्हणजे शटरचा वेग वाढवावा लागतो, आणि त्यासाठी जुना आडाखा असा की ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून वापरताना वेग निदान १/५० सेकंद ठेवावा, २०० मिलिमीटरची असेल तर १/२००. फलाटाचे खांब, बाकडी, इंडिकेटर स्वच्छ असून फक्त धावत लोकल पकडणारा माणूस पुसट असेल तर कॅमेऱ्याचा दोष नसतो, तो माणूस त्या वेगापेक्षा जलद हललेला असतो. आणि स्थिर उभा असलेला माणूस पुसट असून त्याच्या मागची भिंत लख्ख असेल तर फोकस चुकीच्या ठिकाणी पडलेला असतो, तिथे शटरचा वेग कितीही वाढवला तरी उपयोग नाही. प्रिंटकडे नीट पाहिले तर यांतले कोणते घडले ते ओळखता येते. हे वेगळे करून सांगण्याचे कष्ट न घेता ‘शार्प नाही’ म्हणणारा माणूस नवख्याला महागडी लेन्स विकत घ्यायला लावतो आणि त्याचा प्रश्न तसाच ठेवतो. शिवाय पुसटपणा हवा म्हणून केलेला असू शकतो. सुटणाऱ्या लोकलबरोबर कॅमेरा फिरवत १/१५ सेकंदाला काढलेल्या फोटोत दारातला माणूस बऱ्यापैकी स्थिर आणि फलाट रेषारेषांचा दिसतो, तेव्हा त्यातला वेग हाच विषय असतो.

पावसाळ्यातील फोटोंचेही असेच. वरळी सी फेसवर किंवा मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटांचे फोटो जुलैच्या बैठकीत हमखास येतात आणि त्यांतले बरेच मळकट करडे दिसतात. त्यावर ‘कॉन्ट्रास्ट वाढवा’ असा सल्ला चटकन दिला जातो. पण कारण कळल्याशिवाय तो सल्ला अपुरा आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मुळात समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे, आहे असे धरून बेतलेला असतो. चौकट पांढऱ्या फेसाने आणि फिकट आभाळाने भरली की तो त्या पांढऱ्यालाही करड्याकडे ओढतो. म्हणून तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, साधारण एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवावे लागते, मात्र फेसातला सगळा तपशील उडून जाईल इतके वाढवून चालत नाही, कारण पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागेतून नंतर काहीही परत मिळत नाही. फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेली, असेल तर दुरुस्तीला वाव बराच असतो : नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. एवढे समजावून सांगितले की माणूस पुढच्या पावसात स्वतःच प्रयोग करतो.

ज्याला टीका म्हणतात तिचा निम्मा भाग, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग, चांगले काय साधले ते नेमकेपणाने सांगण्याचा आहे. नवख्याला आपला फोटो का फसला हे जसे कळत नाही, तसेच का जमला हेही कळत नाही. एका बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका सदस्य बाई बाणगंगेच्या पायऱ्यांवर काढलेला फोटो घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मते तो साधारण होता. एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यांना विचारले, ‘याच्या आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत का तुमच्याजवळ?’ त्यांनी मोबाइलवर दाखवले. त्यांतल्या एका फोटोत पाण्यात उतरलेल्या मुलाचा हात उडालेल्या शिंतोड्यांपासून अगदी सुटा, आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसत होता. बाईंनी तो बाजूला ठेवला होता, कारण त्यात मुलाचा चेहरा नव्हता. तो हात सुटा असल्यामुळे फोटोला जीव आला आहे, हे कोणीतरी बोट ठेवून दाखवावे लागले. तेव्हापासून आम्ही सर्वांनाच निवडलेल्या प्रिंटबरोबर तिच्या आगेमागेच्या चौकटी आणायला सांगतो. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढणे स्वस्त केले आहे, निवडणे मात्र पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे, आणि निवडीवर बोललेले नवख्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

नियम सांगणाऱ्यांपासून मात्र नवख्यांना जपले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. विषय मधोमध नको, क्षितिज मध्यावर नको, चौकटीचे तीन भाग करा, ही सूत्रे शिकायला चांगली आहेत, पण कोणत्याही फोटोवर न पाहता फेकता येतात. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या स्त्रियांचे फोटो दरवर्षी आमच्याकडे येतात. त्यांतले बहुतेक सूत्रांप्रमाणे निर्दोष असतात आणि एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. अशा फोटोला काय सांगावे? मी विचारतो, ‘त्या सकाळी तुम्हाला थांबवून ठेवणारे असे काय होते, जे शेजारी उभ्या असलेल्या फोटोग्राफरला दिसले नसेल?’ एका तरुणाने यावर सांगितले की मिरवणूक सुरू होण्याआधी एक बाई आरशात पाहून मुलीच्या नाकात नथ बसवत होती, तिचे हात थरथरत होते, पण ‘ते काही शोभायात्रेचे फोटो नव्हेत’ म्हणून त्याने कॅमेरा उचललाच नाही. या उत्तराने त्याला जे मिळाले ते तिनाच्या नियमाने मिळाले नसते.

मुंबईत हौशी लोकांनी असे एकत्र येणे जुने आहे, आणि हे मी अभिमानाने सांगतो. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे डागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढण्याची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नावाजलेले छायाचित्रकार, आणि पेशाने डॉक्टर. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर त्या चिकट द्रावणाचा लेप देऊन, तो सुकण्यापूर्वीच फोटो घेऊन काच धुवावी लागे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात लेप सुकायला वेळ लागत नाही. अशा परिस्थितीत एकमेकांचे अनुभव ऐकण्यावाचून शिकण्याचा दुसरा सोपा मार्ग नव्हता. पुढे १९३७ साली सुरू झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाने या शहरात ही परंपरा पुढे नेली. स्पर्धांमधून मिळणारे गुण आणि पदव्यांनाही त्यात स्थान आहे, परंतु गुणांनी क्रमांक कळतो, कारण कळत नाही. म्हणून मला बैठक अधिक प्रिय आहे.

एका बाबतीत मी सौम्य राहत नाही. शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलावर ओहोटीच्या वेळी चरणारे रोहित पक्षी एकदम उडालेले दाखवणारा फोटो आला, तर तो कितीही देखणा असला तरी मी आधी विचारतो की पक्षी कशाने उडाले. बोट जवळ नेऊन किंवा ड्रोन सोडून उडवले असतील, तर त्यांच्या चरण्याच्या मोजक्या तासांतला वेळ आणि शक्ती आपण खर्च केलेली असते, आणि त्या फोटोच्या रचनेवर बोलण्यात मला रस उरत नाही. फुटपाथवर झोपलेल्या माणसांच्या फोटोंबाबतही हाच आग्रह असतो : तो माणूस जागा असता तर तुम्ही कॅमेरा त्याच्या इतक्या जवळ नेला असता का? या प्रश्नाने काही जण नाराज होतात. ती नाराजी मला मान्य आहे, कारण जो समोर बसलेला नाही त्याची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे.

ऐकणाऱ्यांसाठीही आमचा एक दंडक आहे. आपल्या प्रिंटवर चर्चा चालू असताना फोटो काढणाऱ्याने सुरुवातीला गप्प बसायचे असते. किती वाजता उठलो, किती भिजलो, पोलिसांनी कसे हटकले, हे सगळे खरे असले तरी कागदावर आलेले नसते, आणि ते आधी सांगितले की पाहणाऱ्यांना फोटोऐवजी गोष्ट दिसू लागते. सर्वांचे बोलून झाले की त्याने आपला हेतू सांगायचा, आणि मगच सूचना करायच्या, त्याही त्याच्या हेतूला धरून. ‘मी असतो तर हे कृष्णधवल केले असते’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या आवडीविषयी सांगते, समोरच्याला झेंडूचा रंगच दाखवायचा असेल तर त्याच्या कामाचे ते नाही. आणखी एक सूचना : मोबाइलवर संदेशातून आलेल्या फोटोच्या तपशिलावर मत देऊ नका, पाठवताना तो लहान आणि संकुचित झालेला असतो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून दुरुस्त केलेला फोटो कागदावर काळवंडतो, म्हणून आठ बाय बारा इंचांची का होईना, प्रिंट आणावी असे आम्ही सांगतो.

याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, आणि तो बहुधा दाराशी उभे राहून हळूच विचारला जातो : ‘काका, आम्हाला फोटोग्राफीतले काही कळत नाही, आम्ही काय बोलणार?’ त्यांना मी पुढच्या रांगेत बसवतो. एक्स्पोजर आणि लेन्सविषयी बोलायला आमच्याकडे माणसे आहेत. पण नजर कुठे गेली, कुठे अडकली, या फोटोत काय चालले आहे असे वाटते, हे सांगायला कॅमेरा लागत नाही, आणि ज्यांना तांत्रिक गोष्टी ठाऊक नसतात ते त्यांच्या आड लपूही शकत नाहीत. म्हणून नव्या सदस्यांना मी सांगतो की येताना आपली आई, शेजारी, कार्यालयातला सहकारी, जो येईल त्याला घेऊन या. फक्त फोटो कोणाचा आहे ते त्यांना आधी सांगू नका.